यंत्राची रोजकीर्द

श्रोतेहो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत ‘दप्तर’ आणि ‘रोजकीर्द’ हे शब्द अजूनही परके झालेले नाहीत. घडले ते, घडले त्या क्रमाने, त्याच दिवशी लिहून ठेवायचे, ही रोजकीर्दीची रीत. पेशव्यांच्या अशाच रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी उतारे निवडले, म्हणून त्या काळचा कारभार आपण आज वाचू शकतो. ज्या कारकुनांनी त्या नोंदी केल्या, त्यांना त्यांचे पुढे काय होईल याची कल्पनाही नसेल.

आजचा कारकून म्हणजे संगणक. तोही रोजकीर्द लिहितो. तिला ‘लॉग’ म्हणतात. कामाच्या प्रतींचा साठा करणारा, म्हणजे बॅकअप घेणारा प्रोग्राम रात्री काय करतो? किती वाजता काम सुरू झाले, कोणत्या फायली उतरवल्या, कोणती उघडली नाही, काम पुरे झाले की अर्धवट राहिले, हे सारे तो ओळीओळीने नोंदवतो. मात्र वही कधी बदलावी आणि जुनी किती दिवस ठेवावी, हे त्याला आपणच सांगावे लागते.

ते न सांगितल्यास काय घडते, हे मी सिटी सेंटरमध्ये पाहिले. तेथे माझ्या परिचयाच्या एका हिशेबतपासनिसांचे कार्यालय आहे. काही दुरुस्तीसाठी कोणीतरी लॉग ‘अतितपशीलवार’ करून ठेवला आणि तो पूर्ववत करण्याचे विसरले. फाईल फुगत गेली आणि एके रात्री डिस्कवर तसूभरही जागा उरली नाही. बॅकअप थांबला. तो थांबल्याची सूचनाही त्याच भरलेल्या वहीत लिहायची होती, म्हणून ती लिहिलीच गेली नाही. अकरा दिवसांनी मुख्य डिस्क बिघडली, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. अकरा दिवसांच्या नोंदी कागदी बिलांवरून पुन्हा कराव्या लागल्या.

मालकांनी रागाने हुकूम सोडला, ‘यापुढे लॉग तीनच दिवसांचा!’ दोन महिन्यांनी एका अशिलाची फाईल साठ्यात सापडेना. ती शेवटची कधी उतरवली गेली, हे सांगणारी वही केव्हाच नष्ट झाली होती. पहिल्या वेळी नोंदींचा अतिरेक नडला, दुसऱ्या वेळी त्यांचा अभाव.

यावरचा उपाय दुहेरी आहे: वही पालटणे आणि वही राखणे. लिनक्स प्रणालीवर पालटण्याचे काम ‘लॉगरोटेट’ हा छोटा प्रोग्राम करतो. चालू फाईलला तो ‘एक’ हा क्रमांक देतो, आधीच्या एकचा दोन होतो, दोनचा तीन. ठरलेल्या संख्येपलीकडची सर्वांत जुनी फाईल काढून टाकली जाते आणि नवी कोरी वही उघडते. जुन्या वह्या दाबून लहान करण्याचीही सोय आहे. लॉगमधील मजकूर पुनरुक्तीचा असल्याने तो पुष्कळच आटतो.

येथे एक मेख आहे. लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या हाती जुनीच वही उघडी असते. नाव बदलले तरी तो तिच्यातच लिहीत राहतो. म्हणून पालटानंतर ‘नवी वही घे’ असा इशारा त्याला द्यावा लागतो. इशारा घेण्याची सोय नसेल, तर मजकुराची नक्कल करून मूळ फाईल रिकामी करतात. पण त्या क्षणी लिहिल्या गेलेल्या दोनचार ओळी हरवू शकतात.

पालट कशावर करावा, काळावर की आकारावर? काही प्रोग्राम ठरलेला आकार भरताच आपली वही आपणच बदलतात. बिघाडाच्या दिवशी चुकांच्या ओळी धो धो वाहू लागतात, वह्या भराभर पालटतात आणि जिच्यात पहिली चूक, म्हणजेच मूळ कारण नोंदलेले असते, तीच वही आधी नाहीशी होते. उलट लॉगरोटेट सामान्यतः दिवसातून एकदाच चालतो. मधल्या वेळात फाईल कितीही फुगली तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून पालट दिवसावर ठेवावा आणि लॉगला डिस्कवर स्वतंत्र विभाग द्यावा, म्हणजे तो भरला तरी बॅकअपची जागा खाणार नाही.

आता राखण्याची मुदत. अनेक लिनक्स संचांत मुळात ‘आठवड्याला एक, जुन्या चार’ अशी योजना असते. म्हणजे जेमतेम महिना. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने मात्र २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवणाऱ्या संस्था, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांना १८० दिवसांचे लॉग भारतातच सुरक्षित ठेवण्यास सांगितले आहे. साप्ताहिक पालट असेल तर त्यासाठी निदान २६ जुन्या वह्या हव्यात. रोज २० एमबी लॉग होत असेल, तर १८० दिवसांचे न दाबता ३,६०० एमबी होतात. हा हिशेब आधी मांडावा, मग जागा नेमावी.

याहून सोपा एक नियम लक्षात ठेवावा. साक्षीदार खटल्याआधी मरू नये! बॅकअपची प्रत वर्षभर ठेवणार असाल, तर ती नीट उतरली याची साक्ष देणारा लॉगही वर्षभर जगला पाहिजे. त्याची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर असावी. कारण घरात शिरलेला चोर प्रथम चोपडीच पळवतो. आणि काम फसल्याची खबर केवळ वहीत न राहता माणसाच्या हाती पोहोचली पाहिजे.

त्या कार्यालयात आता रोज सकाळी एक कारकून कालच्या लॉगची शेवटची ओळ वाचतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करतो. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. रोजकीर्द लिहिणे यंत्राकडे गेले, श्रोतेहो; ती वाचणे अजून आपल्याकडेच आहे.