ग्राफिक्स कार्डाची पारख : आकडा पाहा, पण चित्रही पाहा

खळ चढवलेले कापड हाताला भरदार लागते. त्याचा खरा पोत पहिल्या धुण्यानंतरच कळतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या बाजारातही असा माल असतो. आपले अनेक तरुण आज संगणक जोडणी, दुरुस्ती आणि गेमिंग पार्लरच्या धंद्यात आहेत. त्यांच्या दुकानातील सर्वांत महागड्या नगांपैकी एक म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एका कार्डात वीस-तीस हजारांपासून लाखाच्या वर भांडवल अडकते. ते केवळ डब्यावरचा आकडा पाहून घेणे किंवा विकणे म्हणजे आंधळा सौदा होय.

फ्रेम म्हणजे काय?

गेममधील हलते दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम निघत असतील, तर एका फ्रेमसाठी कार्डाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. फ्रेम जितक्या जास्त, तितकी हालचाल सफाईदार.

पण चित्र किती बारकाईने काढले, हे या आकड्यातून कळत नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ३८४० बाय २१६० वर, म्हणजे 'फोर-के'मध्ये, ते सुमारे ८३ लाख होतात. काम सरळ चौपट ठिपक्यांचे! त्यात टेक्स्चर उंच ठेवले की कार्डाची मेमरी भरते. अँटी-अलायझिंगने तिरप्या कडांवरच्या पायऱ्या पुसल्या जातात, पण मेहनत वाढते. सावल्या आणि रे ट्रेसिंग यांचे ओझे तर फारच जड.

परीक्षा उंच दर्जावर का घ्यावी?

दर्जा खाली ठेवला तर बहुधा कार्डाच्या आधी प्रोसेसरच दमतो. मग स्वस्त आणि महाग कार्ड जवळजवळ सारखेच आकडे दाखवतात. दर्जा आणि रिझोल्यूशन वर नेले की भार कार्डावर येतो आणि दोघांतला फरक उघडा पडतो. वर नेऊनही फ्रेम कमी झाल्या नाहीत, तर अडचण कार्डात नाही, प्रोसेसरमध्ये आहे असे समजावे. अशा गिऱ्हाइकाला महागडे कार्ड विकणे म्हणजे त्याचा पैसा वाया घालवणे.

परीक्षा कशी घ्यावी?

१) 'शॅडो ऑफ द टॉम्ब रेडर' किंवा 'सायबरपंक २०७७' यांसारखा गेम घ्यावा. त्यात परीक्षेचे ठरलेले दृश्य असते, त्यामुळे प्रत्येक कार्डाला तेच काम मिळते.

२) व्ही-सिंक बंद करावे. नाहीतर ६० हर्ट्झच्या पडद्यावर आकडा ६० लाच अडतो.

३) डीएलएसएस, एफएसआर आणि फ्रेम जनरेशन आधी बंद ठेवावे. फोर-केवर डीएलएसएस 'क्वालिटी'वर असले तरी कार्ड आतून २५६० बाय १४४० चेच चित्र काढते आणि मग ते मोठे करते. ही सोय चांगली आहे, परंतु एका कार्डावर चालू आणि दुसऱ्यावर बंद अशी तुलना म्हणजे दोन वेगळ्या गजांनी मोजलेले कापड.

४) कार्ड वीस-तीस मिनिटे तापू द्यावे, मग मोजावे. थंड कार्ड पहिल्या मिनिटात जोरात धावते. तापल्यावर काही कार्डे वेग कमी करतात.

५) तीन वेळा मोजावे. सरासरीबरोबर 'एक टक्का लो' हा आकडाही लिहावा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा तो वेग असतो. सरासरी ७० आणि लो २० असेल, तर खेळणाऱ्याला झटके बसणारच. कार्डाची मेमरी कमी पडली की बऱ्याचदा असेच होते. प्रेझेंटमॉन आणि कॅपफ्रेमएक्स ही मोफत साधने या कामी येतात.

चित्रावर नजर ठेवावी

आकडा वाढवण्यासाठी चित्र बिघडवल्याचे दाखले आहेत. २००१ साली 'क्वेक ३' या गेमचे नाव ओळखून एटीआयचा ड्रायव्हर टेक्स्चरचा दर्जा गुपचूप उतरवत असल्याचे उघड झाले. गेमच्या फाइलमधील 'क्वेक' हे नाव 'क्वॅक' केले, तसा वेग घटला! २००३ साली 'थ्रीडीमार्क ०३' ही परीक्षा बनवणाऱ्या फ्युचरमार्कने तपासणी केली. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधील अशा युक्त्या बंद करताच त्यांच्या एका कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. म्हणून दोन्ही कार्डांवर एकाच जागेचे चित्र थांबवून शेजारी-शेजारी पाहावे. दूरची जमीन, जाळी, केस आणि पाने येथे कसर लगेच दिसते.

जुना माल घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि त्यात राबलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही. पण पंखे, तापमान आणि अर्ध्या तासाचा उंच दर्जावरचा खेळ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेला नकली मालही फिरतो. जीपीयू-झेड हे मोफत साधन २०१८ पासून असा एनव्हिडियाचा नकली माल ओळखून सांगते.

आता विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. गिऱ्हाइकाला आकडा सांगताना गेम, रिझोल्यूशन, दर्जा आणि डीएलएसएस चालू की बंद, हे चारही बिलामागे लिहून द्यावे. गिऱ्हाइकाने घरी तपासले आणि तोच आकडा निघाला, तर पुढच्या वेळी तो भाव विचारत दहा दुकाने फिरणार नाही. मापात चोख असलेल्या दुकानाला जाहिरातीची गरज कमी पडते, मग माल कापड असो की कार्ड.