स्तन-प्रतिमांच्या अभ्यासात निदानाआधी निरीक्षण

नवी दिल्ली : भारतीय महिलांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यामुळे रेडिओलॉजीच्या एमडी व डीएनबी परीक्षार्थींना मॅमोग्राफीचा सराव आवश्यक ठरतो. सरावावेळी मूळ अहवाल झाकून ठेवावा. दोन्ही स्तनांच्या प्रतिमा शेजारी ठेवून तुलना करावी. गाठीचा आकार, कडा, घनता व कॅल्शियमचे कण यांचे वर्णन करून मगच ‘बाय-रॅड्स’ पद्धतीनुसार ० ते ६ यांपैकी श्रेणी ठरवावी. तिसऱ्या श्रेणीत कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक नसते. त्यामुळे साधारणतः सहा महिन्यांनी फेरतपासणी सुचवली जाते. चौथ्या श्रेणीत मात्र बायोप्सीची शिफारस होते. या दोहोंतील गल्लत परीक्षेत केवळ गुण घालवते. प्रत्यक्षात ती रुग्णाचे मोलाचे सहा महिने हिरावू शकते.