गिऱ्हाईक चिडलं, तर आधी श्वास सोडा



मागच्या खरिपात, ऐन फवारणीच्या दिवसांत, वडिलांच्या काळापासूनचे एक शेतकरी काका दुकानात आले. पंप काउंटरवर आपटून म्हणाले, "काऊन रे, फसवलं का मले?" माझे कान तापले, छाती धडधडली आणि भर गर्दीत मी त्यांच्यावर ओरडलो. पंप तिथंच टाकून ते निघून गेले. नंतर उघडून बघितलं, तर आतलं वॉशर सरकलेलं. पाच मिनिटांचं काम! काकांनी मात्र दुसऱ्याचा पंप मागून फवारणी केली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय झालं, ते बघा.

डोळ्या-कानांची खबर मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसकडे जाते. तिथून एक जवळची वाट थेट अमिग्डालाकडे जाते. जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवरच्या प्रयोगांतून ती दाखवली. बदामाच्या आकाराचा हा अमिग्डाला धोका दिसला की हायपोथॅलॅमसला कळवतो. मग किडनीवरच्या ग्रंथी ॲड्रेनालीन सोडतात. ठोके वाढतात, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. इन्सुला नावाचा भाग शरीराची ही अवस्था टिपतो, हिप्पोकॅम्पस जुने प्रसंग आठवून देतो. या सगळ्यांतून मिळून आपल्याला राग 'जाणवतो'.

कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स लगाम घालतो, पण त्याला वेळ लागतो. दुकानातला पोऱ्या आधी ओरडतो, मालक वही बघून बोलतो, तसंच हे.

मालकाला तो वेळ मिळवून द्यायचा श्वासातून. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे ते प्रयोगशाळेत तपासू लागले. आज आपल्याला माहीत आहे, की श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके थोडे मंदावतात.

म्हणून काउंटरवर एवढंच करा:

१. तीन वेळा सावकाश, लांब श्वास सोडा.
२. गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत परत बोला. अमिग्डाला त्यालाही आहे, आणि त्याचा फवारणीचा दिवस वाया गेलेला आहे.
३. वस्तू त्याच्यासमोरच उघडा.

दिवाळीआधी दुरुस्त पंप घेऊन मी काकांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "बस, चहा घे." पण हंगाम तर गेलाच होता ना? तुमच्या दुकानात तेवढी वाट बघू नका.