पगार दोन्हीकडे पगारच!

दारव्ह्याच्या ताईच्या मुलीने पुण्यात स्पॅनिश शिकायला घेतली तेव्हा आमच्या सासूबाईंनी विचारलं, "का बाई, इंग्रजी कमी पडली का?" मैत्रिणींनो, आज ही भाची एका कंपनीत मेक्सिकोच्या ग्राहकांशी बोलते. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. आपण पोळ्या आटोपून टीव्हीसमोर बसतो, तेव्हा हिचा दिवस सुरू होतो.

मागच्या दिवाळीत स्थळ आलं होतं. रात्रपाळी ऐकताच मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला. "लग्नानंतर सोडेल ना?" ताई गप्प. पोरगीच म्हणाली, "काकू, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री नर्स होतीच ना?" स्थळ गेलं. मला वाईट वाटलं नाही, ताईला मात्र अजून वाटतं.

भाषा म्हणाल तर फार परकी नाही. आपल्या 'तू'ला तिथेही 'तू'च, आणि मान द्यायचा तर 'उस्तेद'. ग्राहकाला चुकून 'तू' म्हटलं की साहेब टोकतात म्हणे! 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. आपला 'पगार' आला पोर्तुगीजांकडून, पण या दोन भाषा बहिणी-बहिणी. मला सगळ्यात आवडलं ते आडनावाचं. तिकडे बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, आणि मुलांना वडिलांचं नि आईचं अशी दोन्ही आडनावं लागतात. इकडे रेशनकार्डावर नाव बदलताना आपली किती दमछाक होते, ते आठवा!

आणि मेक्सिको आपल्या विदर्भाला नवा थोडाच आहे? शेजारच्या वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे इंग्रजांमुळे देशाबाहेर राहिले आणि 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, तेही भाकरी वाटून देताना! म्हातारपणी ते नागपूरला परतले, 1967 मध्ये तिथेच वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो 2022 मध्ये.

हे सगळं ताईला भाचीनेच सांगितलं. आता नवं स्थळ आलं की ताई आधी खानखोज्यांची गोष्ट सांगते, मग पोरीचा पगार, आणि रात्रपाळीचं अगदी शेवटी, चहा पिऊन झाल्यावर.