खाकी गणवेश काय शिकवतो?

पीयूसीचा निकाल लागून पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की महाविद्यालयात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "सर, पोरगा एनसीसी घेतो म्हणतोय. घेऊ दे का? अभ्यासाचं काय?" शेजारच्या टेबलावर हाच प्रश्न दुसरे पालक कन्नडमधून विचारत असतात. भाषा वेगळी, काळजी एकच. मुलगी असेल तर आणखी एक शंका असते : दहा दिवसांच्या शिबिराला एकटीला कसे पाठवायचे?

या प्रश्नांची व्यवहारी उत्तरे सोपी आहेत. वरिष्ठ विभागाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्राच्या परीक्षा होतात आणि परीक्षेला बसण्यासाठी परेडला किमान ७५ टक्के हजेरी लागते. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळाले आणि पदवीच्या व इतर अटी पूर्ण झाल्या, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या मुलाखतीपर्यंत जाता येते. मात्र एनसीसीत गेले म्हणजे सैन्यात जावेच लागते, हा समज चुकीचा आहे. १९४८ च्या कायद्यानुसार छात्रावर लष्करी सेवेचे कोणतेही बंधन नाही.

मग एवढ्या पहाटे उठून, बुटांना पॉलिश करून मैदानावर जायचे कशासाठी? याचे उत्तर एनसीसीच्या उद्देशातच आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून ही संघटना उभी राहिली. तरुणांमध्ये चारित्र्य, शिस्त आणि नेतृत्व यांची जोपासना करणे हा तिचा हेतू. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे प्रशिक्षण सक्तीचे झाले. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक करण्यात आले. म्हणजे आज जो मुलगा परेडला उभा असतो तो स्वतःच्या इच्छेने उभा असतो. नेतृत्वाची पहिली पायरी हीच नव्हे का?

चार साधे नियम

एनसीसीत शिस्तीची चार सूत्रे प्रत्येक छात्राला पाठ असतात. हसतमुखाने आज्ञा पाळायची, वेळ पाळायची, गाजावाजा न करता कष्ट करायचे, सबबी सांगायच्या नाहीत आणि खोटे बोलायचे नाही. नीट पाहिले तर यात हुकूम कसा सोडावा याबद्दल एक शब्दही नाही. चारही नियम स्वतःला लावायचे आहेत. ज्याला स्वतःला आवरता येत नाही त्याने दुसऱ्याला आवरायला जाऊ नये, हा त्यातला अर्थ. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान' ही आपली म्हण याच दोषावर बोट ठेवते.

यातला चौथा नियम मला सर्वांत अवघड वाटतो. पथक उशिरा पोहोचले तर बस चुकली, पाऊस आला, अमक्याने बूट शोधायला वेळ लावला, अशी दहा कारणे तयार असतात. पथकप्रमुखाने मात्र "माझी जबाबदारी होती" एवढेच म्हणायचे असते. हे वाक्य अठराव्या वर्षी ज्याला उच्चारता आले, तो पुढे दुकान चालवो, शाळा चालवो की संसार, माणसे त्याच्यावर विश्वास ठेवतात.

फीत म्हणजे अधिकार नव्हे

लान्स कॉर्पोरलपासून सीनियर अंडर ऑफिसरपर्यंत हुद्दे चढत जातात. हुद्द्याबरोबर कामे वाढतात : हजेरी घेणे, गणवेश तपासणे, कुणाच्या पायाला फोड आले आहेत ते पाहणे, शिबिरात आपल्या तंबूतली सगळी मुले जेवली का याची खात्री करणे. पण दंडावर फीत आली की काहींच्या डोक्यात हवा जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयातील चित्रफीत देशभर पाहिली गेली. भर पावसात, चिखलात ओणवे केलेल्या छात्रांना एक वरिष्ठ छात्र काठीने मारत होता. त्याच्यावर कारवाई झाली. पण प्रश्न एका मुलापुरता नाही. शिस्त म्हणजे भीती, असे आपणच घरातून शिकवत असू, तर मुलगा मैदानावर दुसरे काय करणार?

खऱ्या लष्करी परंपरेत याला जागा नाही. १० डिसेंबर १९३२ रोजी डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीच्या उद्घाटनाच्या वेळी फील्ड मार्शल चेटवुड यांनी अधिकाऱ्यांपुढे एक क्रम ठेवला. आधी देश, मग आपल्या हाताखालची माणसे आणि सर्वांत शेवटी आपले स्वतःचे सुख. कारगिलमध्ये ७ जुलै १९९९ रोजी कॅप्टन विक्रम बत्रा जखमी सहकाऱ्याला वाचवायला पुढे झाले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. हे विक्रम बत्रा महाविद्यालयात असताना एनसीसीचे छात्र होते आणि १९९४ मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराला जाऊन आले होते.

शिस्त आणि शिस्तु

बेळगावकरांना हे सारे परके नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथे १९२२ पासून आहे आणि कॅम्पातल्या बिगुलाचा आवाज आपल्या कितीतरी घरांत पोहोचतो. सीमाभागातल्या मुलांना एनसीसीत आणखी एक गोष्ट मिळते. 'सावधान', 'विश्राम', 'तेज चल' हे हुकूम हिंदीत असतात. खानापूरचा मराठी मुलगा आणि गोकाकचा कन्नड मुलगा एकाच हुकमावर एकच पाऊल टाकतात. रात्री तंबूत एकाच्या घरची शेंगाचटणी दुसऱ्याच्या भाकरीवर पडते आणि चार दिवसांत दोघांना एकमेकांची भाषा तोडकीमोडकी का होईना, येऊ लागते. आपली 'शिस्त' कन्नडमध्ये 'शिस्तु' होते, फरक एका उकाराचा! 'एकता आणि अनुशासन' या ब्रीदातला पहिला शब्द इथे आपोआप कळतो.

मुलींच्या पालकांसाठी दोन शब्द. एनसीसीचा मुलींचा विभाग १९४९ पासूनचा आहे, तो काही आजचे नवे खूळ नव्हे. मुलींबरोबर जाणाऱ्या महिला अधिकारी या बहुधा आमच्यासारख्याच शिक्षिका व प्राध्यापिका असतात आणि त्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण ग्वाल्हेरच्या अकादमीत होते. २०२० मध्ये सीमावर्ती आणि किनारी जिल्ह्यांसाठी विस्ताराची योजना जाहीर झाली, तेव्हा नव्या छात्रांत एक तृतीयांश मुली असाव्यात असे ठरवण्यात आले. दहा दिवस स्वतःचे अंथरूण स्वतः आवरणारी आणि तीस जणींसमोर खणखणीत आवाजात हुकूम देणारी मुलगी घरी परतते, तेव्हा तिची बोलण्याची रीतच बदललेली असते. ती उद्धट झालेली नसते, तिचा संकोच गेलेला असतो.

तेव्हा पालकहो, जरूर घेऊ द्या. गुणांचे गणित सांभाळता येते, त्यासाठी वेळापत्रक लागते आणि ते पाळायला एनसीसीच शिकवते. फक्त मुले परेडहून घरी आली की "तुला कोणती फीत मिळाली?" असे विचारू नका. "आज तुमच्या पथकात मागे कोण पडलं होतं आणि तू त्याच्यासाठी काय केलंस?" असे विचारा. हा प्रश्न मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. उत्तरावरून तुम्हाला कळेल, मुलगा नुसता गणवेश घालतो आहे की त्यातून काही शिकतो आहे.