गोळी संथ, तरी बार मोठाच

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, त्याची रेल्वेतली नोकरी, त्याची जिद्द, सगळ्यावर भरभरून लिहिलं गेलं. त्याच्या खेळातली गोळी मात्र दुर्लक्षित राहिली. या प्रकारात वापरतात ती पॉइंट टू-टूची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने सुटते. २० अंश तापमानाला हवेत आवाज धावतो ३४३ मीटरने. म्हणजे जगातले अव्वल नेमबाज मुद्दाम आवाजापेक्षा संथ गोळी निवडतात. अशा दारूगोळ्याला सबसॉनिक म्हणतात.

सबसॉनिक म्हटलं की अनेकांना वाटतं, मग बार ऐकूच येणार नाही. सिनेमांनी या समजाला चांगलंच खतपाणी घातलंय.

बंदुकीचा आवाज हा एक आवाज नसतो. पहिला नळीच्या तोंडाशी होतो. दारू जळून तयार झालेला वायू प्रचंड दाबाखाली गोळीला ढकलत आणतो आणि गोळी बाहेर पडताच एकदम मोकळा होतो. हा खरा बार. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. ती आवाजाहून वेगाने चालली असेल तर पुढची हवा बाजूला सरायला सवड मिळत नाही. हवेत धक्क्याची शंकूसारखी लाट उठते, ती गोळीबरोबर पळते, आणि ज्याच्या जवळून जाईल त्या माणसाला चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो. एर्न्स्ट माख आणि पेटर साल्चर यांनी या लाटेची छायाचित्रं काढून १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. विमानांच्या वेगाचा ‘माख’ तो हाच.

संथ गोळीने दुसरा आवाज जातो. पहिला जागच्या जागी राहतो.

याचा सर्वात चांगला पुरावा म्हणजे पॉइंट फोर-फाइव्ह पिस्तूल. त्याची नेहमीची जड गोळी मुळातच सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे चांगलीच सबसॉनिक. तरी त्याचा बार १५५ डेसिबलच्या पुढे जातो आणि उघड्या कानाला दडे बसवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी याच काडतुसावर डी लाइल नावाची अत्यंत शांत कार्बाइन बनवली, पण तिच्या नळीभोवती भलामोठा सायलेन्सर होता. शांतता त्या नळकांड्याची होती. संथ गोळीने त्याचं काम फुकट जाऊ दिलं नाही, एवढंच.

मग पॉइंट टू-टू सायलेन्सरशिवायही इतकी सौम्य का वाटते? एक तर तिच्यात दारूच जेमतेम दशांश ग्रॅम. लष्करी रायफलीच्या ७.६२ काडतुसात ती तीन ग्रॅमच्या घरात असते. दुसरं कारण नळीची लांबी. स्पर्धेच्या रायफलीची नळी साधारण ६५ सेंटिमीटरची. एवढ्याशा दारूचा वायू तिच्यात पसरत, निवत येतो आणि तोंडाशी पोचेपर्यंत त्याचा बराचसा दाब उतरलेला असतो. तेच काडतूस बोटभर नळीच्या पिस्तुलात घाला, दाब शिल्लक असतानाच वायू बाहेर फुटतो आणि आवाज लगेच कडकतो. काडतुसाच्या खोक्यावर ‘सबसॉनिक’ छापलेलं असलं तरी नळी किती लांब, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

अमेरिकेत याहूनही मंद काडतुसं मिळतात, सेकंदाला २१६ मीटरची. लांब नळीतून ती खरोखरच शांत. पण किंमत मोजावी लागते. अशा गोळीला १०० मीटर जायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती मीटरभराहून जास्त खाली येते. अर्धस्वयंचलित रायफलीत तर तिचा धक्का पुढचं काडतूस भरायलाही बहुधा पुरत नाही. दरवेळी हाताने बोल्ट मागे ओढा.

नेमबाज संथ गोळी घेतात त्यामागे आवाजाचा काही संबंध नाही. आवाजाहून जास्त वेगाने सुरू होऊन वाटेत त्याच्या वेगाखाली उतरणाऱ्या गोळीला त्या उंबरठ्यावर हादरे बसतात आणि ती डगमगते. मुळातच खाली राहिलं की तो उंबरठा ओलांडायचाच नाही. दहा मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी झगडणाऱ्याला हे पुरेसं कारण आहे.

यात हवामानही लुडबुड करतं. आवाजाचा वेग तापमानावर ठरतो: उणे २० अंशांना सेकंदाला ३१९ मीटर, ४० अंशांना ३५५. त्यामुळे ३३० मीटरची गोळी फिनलंडच्या हिवाळ्यात कडाडेल आणि नागपूरच्या मे महिन्यात मुकाट जाईल. गोळी तीच, खोकंही तेच.

नळीच्या तोंडाचा बार दाबायचा तर सायलेन्सरच लागतो. त्याचं पेटंट हायरम पर्सी मॅक्सिमला १९०९ मध्ये मिळालं. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, म्हणजे मशीनगनचे जनक, उतारवयात जवळजवळ बहिरे झाले होते. याहून समर्पक घराणं शोधून सापडणार नाही. सायलेन्सर आवाज साधारण २० ते ३५ डेसिबल उतरवतो. १६५ चे १३५ होतात, म्हणजे सिनेमातलं ‘फुस्स’ नव्हेच. फिनलंड, नॉर्वेत शिकारी तो कानाच्या काळजीपोटी सर्रास लावतात. अमेरिकेने १९३४ मध्ये त्याच्यावर २०० डॉलरचा कर बसवला. भारतात आवाज दाबणारं उपकरण शस्त्र नियमांनुसार निषिद्ध वर्गात मोडतं. तेव्हा आपल्याकडच्या नेमबाजाला कान वाचवायचे तर ते कानावरच वाचवावे लागतात.

क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेघ मानली जाते, आणि बिचारी वाटणारी पॉइंट टू-टू रायफलही तिच्या जवळपास पोचते. आपल्याकडे फटाक्यांसाठी १९९९ पासून कमाल मर्यादा आहे ती फुटल्या जागेपासून ४ मीटरवर मोजलेली, क्षणिक शिखराला १४५ डेसिबल. नेमबाजाचा कान नळीच्या तोंडापासून मीटरभरावर असतो. त्यातून रेंजवर पत्र्याचं छप्पर, बाजूच्या लेनवर आणखी बार, भिंतींवरून परतणारा नाद. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीतले आवाज जातात, मग गर्दीत कोण काय बोललं ते कळेनासं होतं.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला नेमबाजीच्या वर्गाला घालणार असाल, तर रायफलीच्या चौकशीआधी कानांची सोय विचारा. फोमचा बोळा बोटांत घट्ट वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. वरून इअरमफही चढवायचा. काडतूस कितीही ‘शांत’ असलं तरी यात सूट देऊ नका.