जुना नोव्हेल क्लायंट दुरून काढताना

नोव्हेल कंपनीची नेटवेअर प्रणाली १९९० च्या दशकात जगभरातील कार्यालयांत प्रचलित होती. तिचा सर्वसाधारण आधार २०१० मध्ये संपला. सर्व्हर गेले, परंतु त्यांच्याशी संपर्क साधणारा ‘क्लायंट’ काही जुन्या संगणकांत तसाच राहिला. नसलेल्या सर्व्हरचा तो शोध घेत राहतो व लॉगिनला उगाच विलंब होतो.

बारामतीच्या कार्यालयात बसून इंदापूर शाखेतील संगणकांवरून तो काढता येतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीएसएक्झेक’ हे छोटे साधन प्रशासकाच्या अधिकाराने दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवते. मात्र येथे एक मेख आहे. विंडोज एक्सपीवर हा क्लायंट विंडोजचा लॉगिन पडदा बाजूस सारून स्वतःचा बसवीत असे. रजिस्ट्रीतील ती नोंद पूर्ववत न करता नुसती फाइल पुसली, तर संगणक दारातच अडतो. मग दुरुस्तीसाठी एसटीने इंदापूर गाठावे लागते! म्हणून फाइली हाताने न पुसता नोव्हेलचाच विस्थापक चालवावा.

तत्पूर्वी प्रत्येक यंत्रावरील विंडोजचा स्थानिक पासवर्ड तपासावा. वर्षानुवर्षे नोव्हेलच्या खात्याने आत येणाऱ्यांना तो बहुधा आठवत नाही. प्रथम एकच संगणक घ्यावा, तो पुन्हा सुरू करून पाहावा, मगच बाकीचे. बंद यंत्रांपर्यंत आज्ञा पोहोचत नाही. त्यांची यादी वेगळी ठेवावी. त्या दिवशी वीज गेली, तर ती यादी लांबतेच.